ठमीची घुरघुर आणि फोनचा निर्वाळा

रात्री कामं आटोपून आम्ही पलंगावर गप्पा मारत पडलो होतो. ठमी माझ्या पोटऱ्यांना पाठ टेकवून, चारही पंजे पोटाखाली घेऊन बसली होती आणि तिची घुरघुर चालू होती. भाचीनं हळूच फोन तिच्या गळ्याजवळ नेला. मांजराचं बोलणं समजावून सांगणारं एक ॲप तिनं नुकतंच घेतलं होतं. स्क्रीनवर आवाजाची निळी रेघ वरखाली नाचली, एक चकती गरगर फिरली आणि अक्षरं उमटली: 'मी निवांत आहे.' "मावशी, बघ ना! निवांत आहे म्हणतेय!" भाचीचा चेहरा उजळला. मीही हसले, पण माझा हात ठमीच्या पाठीवर होता आणि हाताला काही वेगळंच लागत होतं. एरवी घुरघुरताना तिचं अंग सैल पडतं, हाताखाली ओघळतं. त्या रात्री खांद्यांच्या मधला भाग ताठ होता आणि घुरघुर जाड, अखंड, चढउतार नसलेली. गेले काही दिवस ती कोरडे दाणे तोंडात घेतल्यावर मान एका बाजूला कलती करून चावत होती. मधेच एखादा दाणा तोंडातून पडायचा आणि ती त्याच्याकडे बघत नुसती उभी राहायची. भाची झोपली, ठमीचेही डोळे मिटले, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. फोनचं उत्तर इतकं स्वच्छ आणि ठाम होतं, आणि हाताला कळत होतं ते इतकं धूसर, की त्या ठामपणाचीच मला भीती वाटली.

घुरघुरीबद्दलचा आपला समज फार जुना आणि फार लाडका आहे: मांजर घुरघुरतंय म्हणजे ते सुखात आहे. बहुतेक वेळा ते असतंही. पण जखमी मांजर घुरघुरतं, वेणा देणारी मांजरी घुरघुरते, अखेरच्या घटका मोजणारं मांजरही घुरघुरतं. २०२३ साली व्हिएन्ना विद्यापीठातल्या ख्रिश्चन हर्बस्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, असाध्य आजारामुळे दयामरण द्यावं लागलेल्या आठ मांजरांची स्वरयंत्रं घेऊन त्यांतून हवा सोडली. मेंदूकडून कसलीही आज्ञा येण्याचा प्रश्नच नव्हता, तरी २५ ते ३० हर्ट्झचा खर्ज निघाला. मांजराच्या स्वरतंतूंमध्ये तंतुमय ऊतीच्या बारीक गाद्या असतात, त्यांच्या वजनानं स्वरतंतू संथ थरथरतात आणि एवढ्याशा जिवातून एवढा खालचा सूर येतो. जिवंत मांजराच्या घुरघुरीत मेंदूचा काहीच हात नाही, असा याचा अर्थ नाही. पण हे वाचल्यापासून घुरघुरीकडे मी एखादं वाक्य म्हणून बघत नाही. तिच्यात सुख असू शकतं, विनवणी असू शकते, स्वतःला धीर देणंही असू शकतं.

विनवणीचं तर चक्क मोजमाप झालेलं आहे. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांना त्यांचा पेपो नावाचा बोका सकाळी एका विशिष्ट घुरघुरीनं उठवायचा, आणि ती घुरघुर काही केल्या कानाआड करता यायची नाही. त्यातून त्यांचं २००९ सालचं संशोधन उभं राहिलं. खाणं मागणाऱ्या मांजराच्या घुरघुरीत खर्जाच्या पोटात एक उंच सूर दडलेला असतो, रडण्याच्या जवळ जाणारा. ज्यांनी आयुष्यात मांजर पाळलेलं नाही अशा माणसांनाही ती घुरघुर जास्त निकडीची आणि कमी सुखद वाटली. तो उंच सूर ध्वनिमुद्रणातून काढून टाकला, तर निकडही कमी झाली. मला या संशोधनातलं सगळ्यांत आवडतं ते हे, की त्याची सुरुवात एका बाईच्या झोपमोडीत आहे. रोज तोच आवाज, रोज तोच जीव, आणि 'हा माझ्याशी नक्की काय करतोय' हा प्रश्न.

हा प्रश्न पडलेले लोक बरेच आधीपासून आहेत.

१९४४ साली मिल्ड्रेड मोल्क यांनी घरातल्या मांजरांचे आवाज, माणसाच्या बोलीचे टिपावेत तसे, ध्वनिलिपीत लिहून काढले. त्यांनी सोळा प्रकार नोंदवले आणि तोंडाच्या स्थितीवरून त्यांचे तीन गट केले: तोंड मिटून काढलेले, तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेले, आणि तोंड ताणून उघडं ठेवून काढलेले. ठमीला समोर बसवून मी हे तिन्ही गट ऐकून बघितले आहेत. मी बाहेरून आले की दारातच येतो तो मिटल्या तोंडाचा, शेवटी वर उचललेला 'म्र्रू?' पहिल्या गटातला. बंद दारासमोरचा, 'म्या'पासून सुरू होऊन 'ऊ'त विरघळणारा लांब आवाज दुसऱ्यातला. खिडकीबाहेर परका बोका आला की निघतो तो पोटातून येणारा, दात दाखवून केलेला आवाज तिसऱ्यातला. यांत बसवता येत नाही असाही एक तिच्याकडे आहे. ती माझ्याकडे बघून तोंड पूर्ण उघडते, म्यावचा आकार नीट पूर्ण करते, पण आवाज मात्र येत नाही. निदान मला तरी ऐकू येत नाही. मांजरांना सुमारे ८५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि माणसाचे कान तरुणपणी फार तर २० हजारांपर्यंत पोचतात, त्यामुळे त्या उघड्या तोंडासमोर मी दरवेळी जरा अदबीनंच बसते.

मोठी झालेली मांजरं एकमेकांशी म्याव करून फारसं बोलत नाहीत. पिल्लं आईला हाक मारतात, पुढे ती हाक मागे पडते. माणसाच्या घरातल्या मांजरात मात्र ती आयुष्यभर टिकते आणि माणसासाठी वापरली जाते. कॉर्नेल विद्यापीठाच्या निकोलस निकास्ट्रो यांनी पाळीव मांजरांचे आवाज आफ्रिकी रानमांजरांच्या आवाजांशेजारी ठेवून लोकांना ऐकवले, तेव्हा पाळीव मांजरांचे आवाज लोकांना अधिक गोड वाटले. २००४ सालचं हे काम. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या ध्वनिशास्त्रज्ञ सुझान शॉट्झ यांनी म्यावच्या चालीकडे लक्ष दिलं. खाण्यासाठीच्या म्यावचा सूर शेवटाकडे चढत जातो आणि डॉक्टरकडे नेताना पेटीतून येणाऱ्या म्यावचा उतरत जातो, असं त्यांना आढळलं. अर्थ न सांगता नुसते आवाज ऐकवले तरी माणसं यांतला फरक बऱ्यापैकी ओळखतात, आणि मांजरांचा सहवास असलेली माणसं जास्त ओळखतात. पण इथेच एक मेख आहे. परक्या मांजराच्या म्यावचा अर्थ लावायला गेलं की आपण चाचपडतो, स्वतःच्या मांजराच्या बाबतीत जरा बरे ठरतो. प्रत्येक घरात माणूस आणि मांजर मिळून आपापले संकेत ठरवत जातात. जुन्या घराच्या दाराची अडलेली कडी नेमकी कुठे दाबली की उघडते हे त्या घरात राहणाऱ्यालाच ठाऊक असतं, तसंच काहीसं हे आहे. ठमीचा दारासमोरचा आवाज शेजारच्या मांजरानं काढला, तर त्याचा अर्थ वेगळा असेल.

म्हणजे म्याव हे मांजरानं आधीच आपल्यासाठी करून ठेवलेलं काम आहे. आपले कान मंद, नाक त्याहून मंद, शेपटीच्या टोकाची हालचाल आपल्या नजरेतून सुटते, हे ओळखून तिनं आपल्याला झेपेल असं माध्यम निवडलं आणि रोज वापरून ते धारदार केलं. मला यात तिची केवढी तरी मेहनत दिसते. आणि म्हणूनच वाटतं, की यंत्राची मदत घ्यायची तर ती तिनं सोपं करून दिलेल्या जागी कशाला? जिथे ती गप्प असते तिथे ती मदत हवी.

तरी ही ॲप्स करतात काय, ते समजून घेतलं पाहिजे. आवाज आला की त्याचं चित्र करायचं: कोणत्या क्षणी कोणती कंपनसंख्या किती जोरात. मग आधीच नावं देऊन ठेवलेल्या हजारो चित्रांशी ते ताडून बघायचं आणि सगळ्यांत जवळच्या गटाचं नाव दाखवायचं. नावं कोणी दिली? माणसांनी. मांजर वाटीपाशी होतं म्हणून 'भूक', दारापाशी होतं म्हणून 'बाहेर'. मिलान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे काम फार काळजीपूर्वक केलं. दोन जातींची २१ मांजरं, प्रत्येकीच्या गळपट्ट्याला गळ्याखाली छोटा मायक्रोफोन, आणि तीनच प्रसंग: अंग विंचरताना, अनोळखी जागी एकटं असताना, खाण्याची वाट बघताना. ४४० आवाज जमा झाले. संगणकानं ते त्या तीन प्रसंगांत वाटले आणि सुमारे ९६ टक्के वेळा बरोबर वाटले. हा आकडा ऐकून मीही सुखावले होते. मग लक्षात आलं की परीक्षेत पर्याय तीनच होते. चौथा प्रसंग, दाढ ठणकत असतानाचा, त्या प्रश्नपत्रिकेत नव्हताच, आणि संगणकाला मात्र कोणताही आवाज दिला तरी तो तिघांपैकी एक नाव देणारच. या प्रकारातलं सगळ्यांत गाजलेलं मिआवटॉक २०२० मध्ये आलं, अलेक्सावर पूर्वी काम केलेल्या हावियर सांचेझ यांच्या पुढाकारानं. त्यात मालकानं चुकीचं नाव दुरुस्त करायचं आणि त्या एका मांजरापुरतं ॲप शिकत जायचं, अशी सोय आहे. ती मला पटते, कारण घराघराची बोली वेगळी असते हे त्यात मान्य केलेलं आहे. भाचीच्या फोनवरचं ॲप दुसरंच कुठलंसं होतं. आणि ज्याला ऐकूच येत नाही अशा माणसाच्या घरी, दुसऱ्या खोलीतून मांजर हाक मारतंय एवढं जरी फोननं थरथरून सांगितलं, तरी ते मोठंच काम आहे. त्यासाठी अर्थ कळण्याचीसुद्धा गरज नाही.

एका मैत्रिणीकडे वेगळाच प्रकार बघितला. तिच्या घरात जमिनीवर षटकोनी चटया जोडून ठेवल्या आहेत आणि त्यांत तळहाताएवढी गोल बटणं. प्रत्येक बटणात तिच्या आवाजात एक शब्द: 'खेळू', 'बाहेर', 'कुरवाळ', 'नंतर'. अशी बटणं गाजली ती क्रिस्टिना हंगर या अमेरिकी वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंमुळे. बोलू न शकणाऱ्या मुलांना बटण दाबून शब्द ऐकवणारी साधनं त्या वापरायला शिकवायच्या, तेच त्यांनी आपल्या स्टेला नावाच्या कुत्रीबरोबर करून बघितलं. मांजरं या वाटेला नंतर आली. मैत्रिणीचा गोट्या नावाचा बोका आहे, भुरा, जाड मानेचा. तो डुलत डुलत आला, डावा पंजा उचलला, क्षणभर हवेत धरला आणि 'खेळू'वर ठेवला. बटणाचा टक् असा आवाज, मग मैत्रिणीचा आवाज. मी खेळण्याच्या टोपलीकडे बघत होते, गोट्या मात्र तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती म्हणाली, "आत्ता नाही रे राजा, पाहुणी आलीय ना," आणि वाकून 'नंतर' दाबलं. त्यानं पुन्हा 'खेळू' दाबलं. पुन्हा तिच्याकडे बघितलं. मग तो सरळ सगळ्या बटणांवर आडवा झाला आणि खोलीत तिच्या आवाजात तीन-चार शब्द एकदम निघाले. आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिनं उठून दोरी घेतली.

गोट्याला 'खेळू' हा शब्द कळतो का, यावर मैत्रिणीशी बराच वेळ बोलले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या प्रयोगशाळेत फेडेरिको रॉसानो बटणं वापरणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करतात. त्यांच्या गटानं २०२४ मध्ये दाखवलं, की बटण माणसानं दाबलेलं असलं आणि दुसरी कुठलीही खूण नसली, तरी कुत्री 'खेळ' आणि 'बाहेर' या शब्दांना साजेसं वागतात. पण ती कुत्री. गोट्यापुरतं मी जे बघितलं त्यावरून मला एवढं नक्की वाटतं: पंजा इथे ठेवला की ही बाई हलते, हे त्याला कळलेलं आहे, आणि ती हलली की नाही हे बघायला तो तिचा चेहरा वाचतो. माझ्या मते संवाद म्हणायला एवढं भरपूर आहे. खटकलं ते निराळंच. सगळी बटणं आपण द्यायला तयार असलेल्या गोष्टींची आहेत. त्या चटईवर 'दुखतंय'चं बटण ठेवायचं कसं आणि शिकवायचं कसं? खेळ सुरू होताना 'खेळू' दाबून दाखवता येतं. दुखणं सुरू होताना ते आपल्याला दिसलेलंच नसतं.

आणि आपलं बोलणं तिच्यापर्यंत किती पोचतं? मला आधी वाटायचं त्याहून पुष्कळ. जपानमधल्या आत्सुको साइतो यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की सारख्या लांबीच्या चार शब्दांनंतर स्वतःचं नाव आलं की मांजरांचे कान हलतात, डोकं वळतं. फ्रान्समध्ये शार्लोट द मूझों यांनी २०२२ मध्ये पाहिलं, की मालक मांजराशी बोलायच्या लाडक्या सुरावर आला की मांजर हातातलं काम थांबवतं, कान टवकारतं. तोच लाडका सूर परक्या माणसानं लावला तर मात्र ते ढिम्म राहतं. क्योटोतल्या साहो ताकागी यांचं २०२१ चं काम तर मला अनेक दिवस पुरलं. खोलीत एकट्या असलेल्या मांजराला मालकाचा आवाज एका बाजूनं ऐकवला आणि लगेच, माणूस इतक्यात पोचणं शक्य नाही अशा दूरच्या दुसऱ्या जागेवरून. मांजरं चकित झाली. म्हणजे आपण दिसत नसतानाही आपण घरात कुठे आहोत याचा नकाशा त्यांच्या डोक्यात असतो. त्या सुमारास आमच्याकडे वेळ झाली की आपोआप दाणे पडणारं यंत्र होतं, त्यात आपला आवाज भरून ठेवायची सोय होती. 'ठमे, ये गं' असं मी त्यात म्हणून ठेवलं होतं. घरातल्या कॅमेऱ्यात दिसलं, की आवाज झाला की ठमी धावत यायची, पण वाटीकडे लगेच जायची नाही. यंत्रामागे जायची, परत पुढे यायची, दाराकडे बघायची, मग खायची. त्या ध्वनिमुद्रणात मी असून नव्हते. मी तो आवाज बंद केला, नुसती घंटी ठेवली. घंटीला ती सरळ वाटीकडे जाते.

ससेक्समधूनच २०२० मध्ये आलेलं एक संशोधन यंत्राशिवायचं आहे. मांजराकडे बघत डोळे अर्धवट मिटायचे, सावकाश, पुन्हा जरा मिटायचे. मालकांनी असं केलं तेव्हा मांजरांनीही जास्त वेळा डोळे मिटून उत्तर दिलं, आणि अनोळखी माणसानं आधी असं केलं तर मांजरं त्याच्या पुढे केलेल्या हाताजवळ जास्त येऊ लागली. भाची हे शिकली आहे. तिच्या पापण्या थोड्या घाईत मिटतात, तरी ठमी उत्तर देते.

त्या रात्रीनंतर मी ठमीला डॉक्टरांकडे नेलं. टेबलावर ती पूर्ण थिजली. तोंडाला हात लावू देईना, आणि घुरघुरत होती. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि विचारलं, "घरातले फोटो आहेत का हिचे? मोबाइलमध्ये असतीलच. आत्ताचेही दाखवा आणि मागच्या वर्षीचेही." असं कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. फोनमध्ये ठमीचे फोटो शेकड्यांनी होते. दोन निवडून त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि पेनच्या टोपणानं एकेक जागा दाखवत गेले. मागच्या वर्षीचे कान सरळ उभे, पुढे वळलेले. आताचे दोन्ही बाजूंना किंचित उताणे झालेले, त्यांच्यातलं अंतर वाढलेलं. तेव्हाचे डोळे पूर्ण गोल, आताचे बारीक. तेव्हा नाकाखालचा भाग गुबगुबीत गोल, आता ताणून चपटा झालेला. मिशा तेव्हा सैल, कमानदार. आता सरळ, ताठ, पुढे आलेल्या. आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली. मी हा फोटो काढला तेव्हा ती उन्हात छान बसली आहे असंच घरातल्या सगळ्यांनी म्हटलं होतं.

चेहऱ्यावरून मांजराची वेदना मोजायची एक पट्टीच आहे, 'फेलाइन ग्रिमेस स्केल' नावाची. माँट्रियल विद्यापीठात पाउलो स्टीगॉल यांच्या गटानं २०१९ मध्ये ही पट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, नाकतोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची स्थिती अशा पाच गोष्टी, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामक द्यायचा विचार करायचा. डॉक्टरांनी मला स्वतः गुण द्यायला सांगितले. मी एकेक आकडा बोलत गेले आणि बेरीज चारच्या पुढे गेली. एक्स-रेत दाढेचं मूळ विरघळत चाललेलं दिसलं. मोठ्या वयाच्या मांजरांमध्ये हे बऱ्याचदा होतं, शरीर स्वतःच दात पोखरतं आणि ते अतिशय दुखतं. ठमीनं त्याबद्दल एकदाही म्याव केलं नव्हतं.

का केलं नसेल? मांजर लहान शिकारी आहे, आणि स्वतःही कोणाची तरी शिकार होऊ शकेल एवढंच आहे. दुखणं उघड करणं त्याला परवडणारं नव्हतं. म्यावची सोय तिनं माणसासाठी केली, पण हा जुना संयम सोडला नाही. म्हणून तिचा चेहराच वाचावा लागतो, आणि तो वाचण्यात आपण कच्चे आहोत. ग्वेल्फ विद्यापीठानं २०१९ मध्ये ८५ देशांतल्या ६ हजारांहून अधिक लोकांना मांजरांच्या चेहऱ्यांच्या वीस छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि मांजर बऱ्या मनःस्थितीत आहे की वाईट, एवढंच विचारलं. सरासरी बारांच्या आतबाहेर उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडीच बरी. पशुवैद्यकात काम करणाऱ्यांना जास्त जमलं, म्हणजे नजर तयार होऊ शकते. चेहऱ्यावर दिसण्यासारखं काही नसतं असंही नाही. लॉरेन स्कॉट आणि ब्रिटनी फ्लोरकेविच यांनी २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका कॅट कॅफेत मांजरांच्या आपापसातल्या वावराचं चित्रीकरण करून २७६ वेगवेगळे हावभाव मोजले. २७६! इतकं सगळं रोज आपल्या डोळ्यांसमोर होतं आणि आपण फोन गळ्याजवळ धरून आवाजाची वाट बघतो.

कॅनडातल्या कॅलगरीच्या सिल्व्हेस्टर एआय या कंपनीनं २०२१ मध्ये टॅब्ली नावाचं ॲप आणलं, ते फोटोवरून हीच चेहऱ्याची खूण वाचायचा प्रयत्न करतं. अशा साधनांवर माझा जीव आहे. तीही चुकतात: काळ्या मांजराच्या मिशा फोटोत दिसत नाहीत, चपट्या तोंडाच्या जातींना ही पट्टी नीट लागू होत नाही, झोपाळू डोळे आणि दुखरे डोळे यांत गल्लत होते. पण ती मांजराच्या तोंडी वाक्य घालत नाहीत. ती मला तिच्या कानाकडे बघायला लावतात, मग डोळ्याकडे, मग मिशांकडे. तेवढा वेळ मी तिच्याकडे बघत असते. आवाजाच्या ॲपनं उत्तर देऊन मला मोकळं केलं होतं, या पट्टीनं मला कामाला लावलं. मला हे दुसरं हवं आहे. जे लोक अशी ॲप्स बांधतात त्यांच्याकडे माझं मागणं आहे, की 'मी निवांत आहे' असं लिहिण्याऐवजी 'घुरघुर ऐकू आली. आता कान कसे आहेत ते बघा' असं लिहा. खात्री नसेल तर तसं सांगा आणि अजून एक फोटो मागा.

दाढ काढल्यावर काही दिवसांतच ठमी पुन्हा दाणे दोन्ही बाजूंनी चावू लागली, कुडुम कुडुम आवाज करत. आता माझं लक्ष तिच्या सांध्यांकडे आहे. २००२ मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले होते, त्यांतल्या नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज सापडली. याही दुखण्याचा आवाज येत नाही. मांजर फक्त एक एक गोष्ट करायची सोडत जातं, आणि आपण म्हणतो, वय झालं. यात कॅमेरा खरा उपयोगी पडतो, कारण सावकाश घडणारा बदल रोज बघणाऱ्याला दिसत नाही. पूर्वी ठमी जमिनीवरून एका झेपेत कपाटावर जायची. अलीकडच्या चित्रीकरणात ती आधी खुर्चीवर चढते, मागचे पाय जुळवते, वर बघते, शेपटीचं टोक हलतं, आणि मग उडी. उतरताना पुढचे पंजे कपाटाच्या दारावरून घसरत येतात. जुनी आणि नवी अशा दोन्ही चित्रफिती मी एका फोल्डरमध्ये घातल्या आहेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवायच्या आहेत, त्याआधी भाचीला काही न सांगता दाखवणार आहे. तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, आणि माझ्या नजरेतून सुटलेलं एखादं पाऊल तिला दिसेल.